नवख्याच्या पहिल्या दहा डावांची किंमत कोण मोजतं?

बाबा रिटायर झाल्यावर त्यांना ऑनलाइन बुद्धिबळाचं अकाउंट मीच उघडून दिलं. लहानपणी भावंडांबरोबर पटावर खेळलेले, मग चाळीस वर्षं पटाकडे बघितलंही नाही, पण कुठली सोंगटी कशी चालते ते डोक्यात पक्कं बसलेलं. पहिला डाव दहा मिनिटांचा लावला, मी शेजारी बसले होते. पंधरा-सोळा चाली झाल्या असतील, बाबांनी एक प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि समोरच्याने शेजारचं प्यादं तिरकं नेऊन ते उचललं. बाबा माझ्याकडे बघायला लागले, "अगं, याने माझं प्यादं खाल्लं कसं? तो तर माझ्या घरात आलाच नाही!" एन पासां, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं ते एकच घर आल्यासारखं धरून शेजारच्या प्याद्याने लगेच पुढच्याच चालीत उचलायचं, हा नियम त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मी समजावून सांगेपर्यंत घड्याळ पळत होतं, घाईघाईत पुढच्या दोन चालींत वजीर गेला, मग डावही गेला, आणि स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे वजाचं चिन्ह लावून एक तीन आकडी संख्या आली. एका डावात एवढे पॉइंट गेले. समोरच्याच्या नावापुढे अधिक पाच का सहा.

"मी एवढा हरलो आणि तो एवढासाच जिंकला?" असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर चार डाव खेळले, चारही हरले, आणि लॅपटॉप बंद करून म्हणाले, हे आता आपल्याच्याने व्हायचं नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. मी त्यामागचं गणित वाचलं, कागदावर आकडे मांडून बघितले, आणि माझं मत असं झालंय की गणितात खोट नाही, खोट आहे ते गणित नवीन माणसावर कसं वापरतात त्यात. रेटिंगबद्दल, म्हणजे नावापुढच्या त्या पॉइंटच्या आकड्याबद्दल, वाद निघाला की सगळे एकच विचारतात, शेवटी आकडा बरोबर येतो का? येतो, बऱ्यापैकी येतो. पण बरोबर येईपर्यंत मार कोण खातं हे कुणी विचारत नाही, आणि न्याय-अन्यायाचा प्रश्न खरा तिथे आहे.

थोडं मागे जाऊ. आज आपण जिला एलो म्हणतो ती पद्धत अर्पाद एलो यांची, जन्म हंगेरीतला, अमेरिकेत फिजिक्सचे प्राध्यापक होते. अमेरिकन बुद्धिबळ फेडरेशनने ती १९६० मध्ये घेतली आणि फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९७० मध्ये. कल्पना साधी आहे, रेटिंग म्हणजे तुमची लायकी नाही, दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून केलेलं भाकीत आहे. दोनशेचा फरक असेल तर वरच्याने शंभरातले साधारण शहात्तर पॉइंट घ्यावेत, चारशेचा असेल तर एक्याण्णव. भाकितापेक्षा जास्त मिळवलं की वर जाता, कमी मिळवलं की खाली. एवढंच. पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे दोघांचे आकडे आधीपासून माहीत आहेत. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याचं काय करायचं, याला मूळ सूत्रात धड उत्तर नाही.

ते उत्तर संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये ग्लिको पद्धतीत दिलं आणि आजच्या मोठ्या साइट्स तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. लिचेसवर ग्लिको-२ आहे, चेस डॉट कॉमवरही ग्लिकोच्याच घराण्यातली पद्धत. यात प्रत्येकाला एक नाही, दोन आकडे असतात. एक रेटिंग, आणि दुसरा त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारा, त्याला रेटिंग डेव्हिएशन म्हणतात. नवीन माणसाचं रेटिंग १५०० आणि डेव्हिएशन ३५०. म्हणजे सिस्टिम स्वतःच कबूल करते की हा १५०० चा असेलही, ८०० चा असेल, २२०० चाही असेल, आम्हाला कल्पना नाही. डेव्हिएशन मोठं म्हणून आकडा मोठ्या उड्या मारतो, डाव होत जातात तसं ते कमी होतं आणि उड्याही लहान होतात.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. मूळ ग्लिकोच्या सूत्रात मी घातलं, एक नवीन खेळाडू, १५०० आणि ३५०, समोर जुना खेळाडू, तोही १५०० पण डेव्हिएशन फक्त ५०. नवीन हरला तर त्याचे १७५ जातात आणि जुन्याला मिळतात जेमतेम ५. कारण जुन्याचा आकडा आधीच पक्का, आणि ज्याच्या ताकदीचा पत्ता नाही त्याला हरवल्याचं वजनही सूत्र कमी धरतं, साधारण दोन तृतीयांश इतकंच. म्हणजे पॉइंट एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जात नाहीत, दोघांचे अंदाज आपापल्या जागी दुरुस्त होतात. जुन्या खेळाडूची जी नेहमीची तक्रार असते ना, की या नवीन अकाउंटमुळे माझं रेटिंग खराब होतं, तिला इथे उत्तर आहे. पाच पॉइंट. त्याची काळजी सूत्राने आधीच घेतलेली आहे.

नवीन माणसाची घेतलेली नाही. तोच हिशोब मी पुढे नेला. समजा हा माणूस खरा साडेपाचशे-सहाशेच्या ताकदीचा आहे, नुकताच शिकलेला, आणि दर वेळी त्याला त्याच्या त्या क्षणीच्या रेटिंगचा जुना खेळाडू मिळतो. पहिल्या हारेला १७५, दुसरीला ११७, मग ८८, ७०, ५९, असं कमी कमी होत जातं, आणि सलग दहा डाव हरल्यावर तो येतो ७९० च्या आसपास. दहा डाव हरून! आणि अजूनही त्याची खरी जागा दोनशे पॉइंट खाली. पहिल्या डावात त्याच्या आणि समोरच्याच्या ताकदीत नऊशेचा फरक होता, एलोच्या हिशोबाने दोनशे डावांत एखादा पॉइंट मिळेल इतका. असा डाव खेळून त्याला काहीच शिकता येत नाही, कारण आपण कुठे चुकलो हे कळायलाही थोडी ताकद लागते, इथे तर सातव्या चालीला उंट गेला, बाराव्या चालीला हत्ती गेला, आणि मात कुठून आली ते दिसलंही नाही.

लोक म्हणतात, दहाच डाव तर आहेत, होईल सेटल. ज्याचे दोन हजार डाव झालेत त्याला दहा डाव म्हणजे एका संध्याकाळचं काम, पण नवख्यासाठी ते दहा डाव म्हणजेच आख्खं ऑनलाइन बुद्धिबळ, त्याने दुसरं काही बघितलेलंच नाही. आणि हे लक्षात घ्या की आकडा सेटल होतो तो टिकलेल्यांचा. जे पाचव्या डावानंतर लॅपटॉप मिटून उठले त्यांचा आकडा सेटल झालाच नाही, ते हिशोबातच नाहीत, त्यामुळे उरलेल्यांकडे बघून सिस्टिम व्यवस्थित चालते म्हणणं फार सोपं आहे.

१५०० हा आकडा तटस्थ वाटतो, मधला, कुणाच्या बाजूचा नाही असा, पण तो एक अंदाज आहे, की येणारा नवीन माणूस सरासरी खेळाडूएवढा खेळत असेल. फेडरेशनच्या स्पर्धेत येणाऱ्याबद्दल असा अंदाज एक वेळ चालेल, कारण फी भरून, घड्याळ दाबायला शिकून, पूर्ण दिवस काढून येणारा माणूस निदान काहीतरी खेळलेला असतो. इंटरनेटवर तसं नाही. २०२० च्या लॉकडाऊनपासून कोट्यवधी लोक आले, २०२२ च्या डिसेंबरात चेस डॉट कॉमने दहा कोटी मेंबर पार केले, आणि यातले कितीतरी आयुष्यातला पहिला डावच स्क्रीनवर खेळलेले. त्यांना सरासरी धरणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे.

मग खालून सुरुवात करा की, असं वाटेल. चेस डॉट कॉम आधी सगळ्यांना १२०० द्यायचं, नंतर त्यांनी तुमची पातळी विचारायला सुरुवात केली, अगदीच नवीन आहे म्हणालात तर ४०० पासून. ही सुधारणा आहे, मी मनापासून म्हणते, नवख्याला विचारणं हे न विचारण्यापेक्षा कधीही बरं. पण यातही मेख आहे. पातळी सांगायची तर आपण कितीचे हे माहीत पाहिजे, आणि नवीन माणसाला नेमकं तेच माहीत नसतं. घरात सगळ्यांना हरवणारा स्वतःला चांगला खेळाडू समजतो, त्याचं चुकत नाही, त्याच्या जगात तो आहेच चांगला. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी मध्यम असंच सांगितलं असतं, चाळीस वर्षांपूर्वीच्या भावंडांच्या हिशोबाने.

उलट्या बाजूनेही होतं, आणि माझ्या मते ते जास्त वाईट. खरा १८०० चा माणूस लाजून म्हणा, मुद्दाम म्हणा, सगळ्यात खालचा पर्याय निवडतो आणि वर चढता चढता दहा-पंधरा खऱ्या नवख्यांना झोडपून जातो. म्हणजे सुरुवातीचा आकडा जास्त धरला तर येणारा मार खातो, आणि कमी धरला तर खाली आधीपासून बसलेले मार खातात, जे आधीच सगळ्यात कच्चे आहेत. दोन्हीकडे भुर्दंड कच्च्यालाच. त्यात मुद्दाम नवीन अकाउंट काढून खाली येणारे, मुद्दाम हरून रेटिंग पाडणारे आणि मग खालच्या गटाच्या स्पर्धेत घुसणारे, शिवाय व्हिडिओसाठी शून्यापासून वर चढत जाणारे तगडे खेळाडू. फसवणूक पकडली गेली की साइट्स समोरच्याला गेलेले पॉइंट परत देतात, ते योग्यच आहे, पण परत येतात ते पॉइंट. त्या मुलाने वीस मिनिटं डोकं लावून, एकही सोंगटी फुकट न देता डाव सांभाळला आणि तरीही चिरडला गेला, त्या वीस मिनिटांत त्याने स्वतःबद्दल जे ठरवून टाकलं ते कोण परत करणार?

आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. ओळखीतला एक मुलगा आहे, पटावरच्या स्पर्धा खेळून फिडे रेटिंग सतराशेच्या वर नेलेलं, ऑनलाइन कधी खेळला नव्हता. अकाउंट उघडलं, पहिल्या आठ डावांतले सात जिंकला, आणि चॅटमध्ये दोन वेगवेगळ्या लोकांनी त्याला सरळ चोर म्हटलं, इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, लावून खेळतोस म्हणून. त्याने काय केलं होतं? सिस्टिमने त्याला जिथे बसवलं तिथे बसून आपला नेहमीचा खेळ खेळला. चुकीच्या जागी बसवलं सिस्टिमने, संशय त्याच्यावर.

यावर पटावरचं बुद्धिबळ काय करतं ते बघण्यासारखं आहे. फिडेमध्ये नवीन माणसाला आकडाच नसतो, तो अनरेटेड असतो. मला हा शब्द फार आवडतो. यादीत नावापुढे कोरी जागा, कमीपणा नाही, मोठेपणा नाही, तुमच्याबद्दल आम्हाला अजून माहीत नाही एवढंच. रेटेड खेळाडूंशी निदान पाच डाव झाल्याशिवाय आकडा येत नाही. आणि त्याहून सुंदर नियम म्हणजे अनरेटेड खेळाडूने पहिल्याच स्पर्धेत भोपळा काढला, एकही पॉइंट मिळाला नाही, तर ती कामगिरी रेटिंगसाठी धरतच नाहीत. इतक्या जुन्या, इतक्या कडक संस्थेने हे मान्य केलंय की पहिल्यांदा सगळे डाव हरलेल्या माणसाबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही, सोडून द्या.

२०२४ च्या मार्चपासून तर फिडेने आणखी बदल केले. रेटिंगची सगळ्यात खालची मर्यादा १००० वरून १४०० वर आणली, २००० च्या खाली असलेल्यांना २००० पासून जितकं अंतर त्याच्या चाळीस टक्के एकदाच वाढवून दिले, आणि नव्याचं पहिलं रेटिंग काढताना त्याच्या निकालांत १८०० च्या खेळाडूंशी झालेल्या दोन काल्पनिक बरोबऱ्या मिळवायला सुरुवात केली. यातलं सगळं मला पटतं असं नाही, मर्यादा इतकी वर नेल्याने कित्येक नवखे खेळाडू रेटिंगच्या बाहेरच राहतात, हा आक्षेप खरा आहे. पण एक बघा, नव्याचे पहिले निकाल जसेच्या तसे घेतले तर आकडा वाकडा येतो आणि पुढे तो वाकडेपणा सगळ्या यादीत पसरतो, हे त्यांनी मान्य केलं आणि नियम बदलले. पहिला आकडा कसा द्यायचा हे कुणीतरी बसून ठरवतं, तो आभाळातून पडत नाही, आणि जे ठरवता येतं ते बदलताही येतं.

मग ऑनलाइन काय बदलावं? माझी पहिली मागणी अगदी साधी आहे, नवीन माणसाला पहिले दहा-पंधरा डाव त्याचा आकडा दाखवूच नका. आत हिशोब चालू ठेवा, जोड्या त्याच्यावरच लावा, पण स्क्रीनवर वजा १७५ कशासाठी? सिस्टिमला स्वतःलाच त्या आकड्याची खात्री नाही. लिचेसवर डेव्हिएशन ११० च्या वर असेपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह असतं, चांगली गोष्ट आहे, पण नवख्याला त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ कोण सांगणार, त्याला दिसतो तो मोठा आकडा आणि लाल वजाबाकी. रेटिंग अजिबात दिसू नये अशी सोयही तिथे सेटिंगमध्ये आहे, म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नाही. फक्त ती सोय ज्याला गरज आहे त्याला माहीत नसते आणि ज्याला माहीत आहे त्याला गरज नसते. नव्यासाठी ती आपोआप चालू ठेवा, आणि नंतर तुमचं रेटिंग साधारण अमुक ते तमुक असं सांगा. ते जास्त खरंही आहे, कारण सिस्टिमकडे आतून असते ती रेंजच.

दुसरं, पातळी विचारताना मी नवीन, मध्यम, अनुभवी असले शब्द वापरू नका, ते प्रत्येकाच्या घरात वेगळे असतात. करून बघता येईल असं विचारा. किल्लेकोट माहीत आहे का, एन पासां माहीत आहे का, हत्ती आणि राजा घेऊन एकट्या राजावर मात देता येते का. पाच-सहा छोटी कोडी द्या, एका चालीत मात, दोन चालींत मात, इथे घोडा फुकट आहे तो दिसतो का. तीन मिनिटांत खडा टाकून अंदाज येतो, आणि तो १५०० पेक्षा नक्कीच बरा असतो. ज्याला मुद्दाम खाली घुसायचंय तो कोडी चुकवेल, मान्य, पण सलग चार डाव चोख खेळून जिंकला की त्याला भराभर वर उचला. वर न्यायला घाई करावी आणि खाली आणायला सांभाळून, कारण वर जाताना चूक झाली तर ती तगड्या माणसाला सोसायची असते, त्याला ती पेलते.

तिसरं, पहिले काही डाव नवख्यांचे नवख्यांशीच लावा. यावर गणितवाले म्हणतील की दोन अनोळखी माणसं एकमेकांशी खेळली तर माहिती कमी मिळते, आकडा पक्का व्हायला वेळ लागतो. बरोबर आहे, मी वर ते वजन सांगितलंच आहे. लागू दे वेळ. दहाच्या ऐवजी वीस डाव लागले आणि त्यातले आठ-नऊ जिंकले, तर माणूस थांबेल. दहा डावांत अचूक मोजून झाला आणि निघून गेला, तर ती अचूकता ठेवायची कुठे?

फुकटचं काही द्या असं यात कुठेच नाही. सहाशेचा खेळाडू सहाशेवरच यावा, त्याला हजार दाखवून गोंजारू नये, ते खोटं ठरेल आणि पुढच्या आठवड्यात त्यालाच महागात पडेल. रेटिंगची ताकदच अशी आहे की ते ओळख, वय, पैसा काही बघत नाही, फक्त निकाल बघतं, आणि त्यामुळेच मला ते इतकं आवडतं. फक्त निकालावर बोलायचं तर निदान बोलण्याइतके निकाल तरी जमू द्यावेत.

बाबा पुन्हा खेळायला लागलेत. दोन महिने मध्ये गेले, मग मीच मागे लागले आणि रेटेड बंद करून त्यांना पॉइंट न मोजणारे साधे डाव लावून दिले. एन पासां आता पाठ झालाय, परवा त्यांनी स्वतःच कुणावर तरी केला आणि मला हाक मारून दाखवायला बोलावलं. रेटेड चालू करायचं का म्हणून विचारलं तर मान हलवली, "नको, राहू दे, तो आकडा अजून तिथेच असेल ना?" आहे, तिथेच आहे, पाच हारींनंतर जिथे थांबला होता तिथे.